मोजणीचा बुधवार

१

फीत निळी होती. वीतभर लांबीची, सॅटिनची, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं होती: ‘माझी मोजणी झाली!’

आयोना ब्रॅस्वेलने ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि हात असा मागे घेतला, जणू चटका बसला.

“आज टपालाने आली, मिस ऑर्फा. ओपलच्या नावाने.”

ओपलला माती देऊन सोळा दिवस झाले होते. आठ वर्षांची पोर. जन्मापासून रक्ताचा आजार, सिकलसेल; गारठा लागला की हाडं ठणकायची. मोजणीच्या बुधवारी ती दुखण्याने अंथरुणात होती, रात्री इस्पितळात नेली, शनिवारी पहाटे गेली. अख्ख्या बेथेल रिज गावाला एवढंच ठाऊक होतं.

“ही फीत कुणाला मिळते?” आयोनाने विचारलं.

ती या गावची लेक, तिला माहीत नव्हतं थोडंच! पण मी सांगितलं. “मोजणीच्या दिवशी जे मूल शाळेत हजर असतं, त्याला.”

“मी सहाला कामावर निघाले, तेव्हा ती अंथरुणात होती. साडेसातला मी इस्पितळाच्या लॉन्ड्रीतून फोन केला. तिनेच उचलला. म्हणाली, ‘मी पांघरुणात आहे, ममा.’ संध्याकाळी डॅडी म्हणाले, दिवसभर उठली नाही. मग हजर कोण होतं? तिचं भूत?”

मी फीत उलटून पाहिली.

“कुणीतरी माझ्या लेकीला त्या गारठ्यात उठवून शाळेत नेलं. डोकी भरायला. मला त्याचं नाव हवंय. तुम्ही एकतीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलीत. कुणाच्या हातचा कागद आहे ते तुम्हाला लांबून कळतं.” तिचा आवाज एकदम बारीक झाला. “आणि नाव डॅडींचं निघालं, तर मी आजच सामान बांधते. त्या माणसाच्या छपराखाली मी परत भाकर मोडणार नाही.”

तिच्या जगात आता वडिलांशिवाय कुणीही उरलेलं नव्हतं. मी शाल घेतली आणि निघाले.

२

आमच्यासारख्या गावात शाळा घरपट्टीवर चालत नाही. पट्टी भरायला तेवढी घरंच नाहीत. शाळा चालते राज्य सरकारच्या पैशावर, आणि सरकार पैसे देतं डोकी मोजून. छप्पर गळतं का, पुस्तकं फाटलीत का, कुणी विचारत नाही. ऑक्टोबरातला एक बुधवार. त्या दिवशी जे मूल बाकावर, त्याचे पैसे वर्षभर. आणि दोनशेच्या खाली गेलात, तर छोट्या शाळेला मिळणारी जास्तीची मदत बंद. मग शाळेला कुलूप, मुलं तीस मैलांवरच्या वेलरला.

म्हणून आमच्याकडे मोजणीचा बुधवार सणासारखा. चर्चच्या बायका पोरांना खाऊ घालायला पहाटेपासून भट्टीपाशी. आदल्या रविवारी रेव्हरंड टॉलिव्हरांचं खास प्रवचन. रेव्हरंड आधी साधं बोलतात, मग शब्दांना सूर फुटतो, ऑर्गन त्या सुरामागे धावतो आणि माणसं उभी राहतात. मी त्या सुरासाठी जगत आले. या वर्षी त्यांनी मेंढपाळ गायला होता. वाड्याच्या दारात उभा राहून कळप मोजणारा, एक मेंढरू कमी म्हणून दार न लावणारा. “एक कुठाय? तो एक कुठाय?” असं त्यांनी आळवलं, आणि पुढच्या बाकांवरच्या मुलांनी हात वर केले, “मी इथाय! मी इथाय!” मीसुद्धा रुमाल हलवत रडले होते.

ओपलच्या फितीचं ऐकल्यावर शाळेचे सुपरिंटेंडंट हारकोर्ट स्टोवॉल दार लावूनच माझ्याशी बोलले.

“सिस्टर ऑर्फा, किती भरले ठाऊक आहे ना? दोनशे. बरोब्बर दोनशे. ओपलची खूण खोटी ठरली तर एकशे नव्व्याण्णव. हवं तर खुनाच्या तपासाला या, पण हे विचारू नका.”

“तुम्ही तिला आणवलं?”

“मी?” त्यांनी चष्मा काढला. “सोमवारी सभेत मी पोरांना एवढंच म्हणालो, की एक जण कमी पडला तर शाळा बंद. ते मी दर वर्षी म्हणतो. तुम्हीच तर लिहून द्यायचात ते भाषण.”

ते खरं होतं. मीच लिहायचे.

“बाकी वर्गाची यादी शिक्षिकेच्या सहीची,” ते म्हणाले. “मी फक्त बेरीज केली. नियम तुम्हाला माझ्याहून पाठ आहेत.”

नियम मला पाठ होते. सगळेच. मी मान खाली घातली आणि तिसरीची यादी मागितली.

यादीवर चौदा नावं होती. तेरांपुढे निळ्या शाईची एकेक खूण. चौदाव्या नावापुढेही खूण होती, पण तिच्या शेजारी बारीक अक्षरात आणखी काहीतरी होतं. मी कागद खिडकीपाशी नेला.

९.१०.

३

तिसरीची शिक्षिका लेनोरा व्हिटलोने मला दारात पाहिलं आणि खडू खाली ठेवला. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, “मी केलं.”

“काय केलंस, बाळ?”

“खोटी खूण. ओपल आलीच नव्हती. एक कमी पडत होता, मी भरला. मला नोकरीवरून काढू दे, परवाना जाऊ दे. पण आयोनाला सांगा, तिच्या लेकीला कुणी घराबाहेर काढलं नाही. ती उबेत झोपली होती. एवढं नक्की सांगा.”

शब्द पाठ केल्यासारखे सुटत होते.

जेवणाच्या सुट्टीत मी तिसरीच्या पोरांना अंगणात गाठलं. तेरा तोंडं, तेरा उत्तरं, सगळी एकच: ओपल आली नव्हती. “तिची खुर्ची रिकामी होती,” डेझरे नावाची दोन वेण्यांची पोर म्हणाली. “आम्ही नऊला सभागृहात गाणं म्हणायला गेलो. दहाला आलो. तेव्हापण रिकामीच.”

म्हणजे लेनोरा खरं बोलत होती. म्हणजे खूण खोटी, दोनशे खोटे, आणि वर्ष संपलं की शाळेला कुलूप.

परत जाताना मी पायरीवरच बसले. गुडघे म्हातारे, त्यांना निमित्त पुरतं. एकतीस वर्षांत मी खोट्या खुणा पाहिल्या आहेत. खोटं बोलणारा हात रांगेत चालतो. इतर तेरांसारखीच चौदावी खूण करून मोकळा होतो. जी पोर आलीच नाही, तिला कुणी उशिरा आणतं का? तिच्या नावापुढे घड्याळ बघून वेळ लिहितं का?

लेनोराची सवय मला माहीत होती. घंटेनंतर येणाऱ्याची ती वेळ लिहिते. अगदी दोन मिनिटांचा उशीर असला तरी.

मग तिला स्वतःच्या गळ्यात फास का हवा होता?

४

सिस्टर क्लेव्ही चर्चच्या तळघरात मोठाली भांडी घासत होती. क्लेव्हीचा कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव, लोखंडी तव्यात भाजतात, त्याची कड खरपूस होते, आणि त्या कडेबद्दल वाईट बोलणारा माणूस या गावात रात्रीपर्यंत टिकत नाही.

“लहान वर्गांना तू ताटल्या वर्गात पाठवल्यास ना?”

“साडेनऊला. बाकांवर मांडून ठेवल्या. गाणं संपवून आले की गरम मिळावं म्हणून.”

“तिसरीच्या किती?”

“यादीप्रमाणे चौदा. ब्रॅस्वेलांच्या पोरीचीपण धरली होती, मला काय माहीत ती आजारी ते.” तिने हात पुसले. “चौदाच्या चौदा खाल्लेल्या आल्या परत. पण त्यातल्या एका शहाण्याने काय करावं? मधला मऊ भाग खाल्ला आणि कड तशीच ठेवली! ताटलीच्या काठावर नीट मांडून! अशी पोरं वाढवतात हल्ली. त्या ताटलीचा मालक मला सापडू दे फक्त.”

“रविवारच्या जेवणात आपल्याकडे कड कोण ठेवतं, क्लेव्ही?”

“कुणी नाही. फक्त ओपल. ते पण तिच्या आजोबांना, डीकन लेमुएलला, कड आवडते म्हणून, ती त्याच्यासाठी मांडून…”

तिचा हात भांड्यातच थांबला. नळ तसाच वाहत राहिला.

“अगं बाई,” क्लेव्ही म्हणाली. “अगं बाई, ऑर्फा.”

५

आयोनाचे वडील, आमच्या चर्चचे डीकन लेमुएल ब्रॅस्वेल, शाळेची बस चालवतात. मी गेले तेव्हा ते रिकाम्या बसमध्ये, स्वतःच्याच सीटवर, दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते. बस बंद होती.

मी पहिल्या बाकावर बसले.

“आयोनाने पाठवलं?”

“हो.”

“सांग तिला, मी नेलं.” त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. “सकाळी पोरीला उठवलं, बसमध्ये घातलं, शाळेत नेलं. शाळा बुडाली तर माझी बस बुडते. म्हातारा हावरट झाला. सांग तिला.”

“किती वाजता पोचलात?”

“नेहमीसारखं. आठला दहा कमी.”

“मग ती वर्गात एक तास वीस मिनिटांनी कशी गेली, डीकन?”

त्यांचे हात चाकावर आवळले.

“आणि साडेसातला आयोनाने घरी फोन केला तो कुणी उचलला? तुमची बस तेव्हा शाळेच्या वाटेवर होती. पोर बसमध्ये असती, तर फोन वाजत राहिला असता.”

“ऑर्फा,” ते म्हणाले, “तुझ्या पाया पडतो, इथेच थांब. मीच नेलं म्हणून सांग. मला घराबाहेर काढेल ना? काढू दे.”

दोन माणसं, दोन कबुल्या, दोन्ही खोट्या. एक म्हणते पोर आलीच नाही, दुसरा म्हणतो मी आणली. या दोघांना मिळून नेमकं काय झाकायचं होतं, ते मला त्या रिकाम्या बसमध्ये दिसलं. ब्रॅस्वेलांच्या घरापासून शाळा दोन मैल. जुन्या रुळांच्या वाटेने गेलं, तर रस्त्यावरच्या कुणालाच दिसत नाही. निरोगी पोराला पाऊण तास.

दुखऱ्या पायांनी किती?

६

शाळा सुटल्यावर तिसरीच्या वर्गात आम्ही चौघं बसलो. आयोना दाराजवळ, बापाकडे पाठ करून. लेमुएल मुलांच्या बुटक्या खुर्चीत. लेनोरा फळ्यापाशी.

“नाव सांगा,” आयोना म्हणाली.

“नाव नाही, आयोना. तिला कुणीही नेलं नाही. ती गेली.”

लेनोराने तोंडावर हात घेतला.

“साडेसातला तू फोन केलास, तेव्हा ती घरी होती. नऊ वाजून दहाला ती या दारात होती. मधे शंभर मिनिटं. बसने आली असती तर आठच्या आत पोचती. मोटारीने कुणी आणली असती तर दहा मिनिटांचं काम. शंभर मिनिटं फक्त एकाच गोष्टीला लागतात, दुखरी पोर, दोन मैल, पायी. वर्गातल्या पोरांनी तिला पाहिलं नाही, कारण नऊ ते दहा पोरं सगळी सभागृहात होती. पण तिच्या नावापुढे वेळ आहे, आणि तिच्या ताटलीवर कड होती.”

आयोना लेनोराकडे वळली. “खरं?”

लेनोरा रडत नव्हती. तिच्याजवळचं रडू संपलं होतं.

“पोरं गाण्याला गेली, मी यादी भरायला वर्गात थांबले होते. ती दारात उभी होती. स्वेटर उलटा घातलेला, पार ओली. म्हणाली, ‘मिस व्हिटलो, मोजून झालं का? मी राहिले का?’ मी तिला हीटरपाशी बसवलं, माझा कोट घातला. नर्स मंगळवार-शुक्रवारी येते, बुधवार तिचा नाही. मी तुमच्या घरी फोन लावत राहिले. आणि ती म्हणत राहिली, ‘खूण करा ना.’ म्हणून मी तिच्यासमोर खूण केली. तिने वाकून पाहिली. मग म्हणाली, ‘आता शाळा बंद नाही होणार.’ आणि चार घास खाल्ले.”

“साडेनऊनंतर मी घरी पोचलो,” लेमुएल खुर्चीतूनच म्हणाले. “एरवी सव्वाआठला येतो. त्या दिवशी बायकांची भांडी चर्चमधून शाळेत पोचवत होतो. अंथरूण रिकामं, आणि फोन वाजत होता. मी तिला घरी आणलं, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. दुपारी ती हसली पण होती. रात्री डॉक्टरला सगळं सांगितलं. तुला सांगवेना.”

“खोटं का बोललात, डॅडी? आज पण? मी नेलं म्हणून?”

“तुला कुणावर तरी रागवायला हवं होतं, बेबी. मी जिवंत आहे, माझ्यावर रागावता येतं. तिच्यावर कशी रागावणार होतीस?”

आयोना भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. तिच्या घशातून जो आवाज आला, तो मी आयुष्यात कुठल्याच चर्चमध्ये ऐकलेला नाही.

स्टोवॉलांना कळलं तर ते सुटकेचा श्वास सोडतील, मला माहीत होतं. खूण खरी होती. दोनशे खरे होते. शाळा वाचली होती. मी इथेच थांबले असते तर तपास पुरा झाला असता.

“अजून एक आहे,” मी म्हणाले. “तुला नाव हवं होतं ना. माझं घे.”

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“आजारी मूल घरी राहिलं, आईची चिठ्ठी असली आणि महिनाभरात ते बरं होऊन शाळेत आलं, तरी सरकार त्याला मोजतं. त्याच दिवसाच्या मोजणीत धरतं. हा नियम येऊन बावीस वर्षं झाली. पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं. तेव्हाच्या साहेबांना मी म्हणाले, हे घरोघर सांगायला नको. लोक सैल पडतील, बाकं रिकामी राहतील. मी ते फायलीत लावलं. आणि दर वर्षी तेच भाषण लिहीत राहिले, एक कमी पडला तर शाळा बंद. स्टोवॉल नंतर आले, त्यांना ते कधी सांगितलंच नाही. चर्चमध्ये बसून मुलांचे वर केलेले हात बघत मी आनंदाने रडत होते, आयोना. ती पोर त्या हातांमध्ये होती.”



“तिला यायची गरजच नव्हती,” आयोना म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

“नव्हती.”

“मी चिठ्ठी लिहिली असती.”

“हो.”

ती उठली. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोरून बापापर्यंत गेली. बुटक्या खुर्चीत अडकल्यासारख्या बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या काखेत हात घातला.

“उठा, डॅडी. घरी चला. सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही.”

दारातून ती वळली.

“तुम्हाला माफ करायला लावू नका मला, मिस ऑर्फा. आत्ता नाही. कधी, ते माहीत नाही. पण रविवारी उभ्या राहा. जे मला सांगितलंत ते सगळ्यांना सांगा. पोरांना सांगा.”

७

रविवारी चर्च भरलेलं होतं. रेव्हरंड टॉलिव्हरांना मी आदल्या दिवशी भेटले होते. ऐकून ते एवढंच म्हणाले, “सिस्टर ऑर्फा, मी ते गायलं होतं ना. मी ते सुरात गायलं होतं.” त्या रविवारी ते व्यासपीठावर चढले, प्रार्थना केली आणि बाजूला झाले. ऑर्गनवाल्याला हाताने थांबवलं.

आयोना आणि लेमुएल एकाच मोटारीतून आले होते. मधल्या बाकावर बसले. लेनोरा त्यांच्या मागे.

मी उभी राहिले. काही लिहून आणलं नव्हतं. आयुष्यभर इतरांची भाषणं लिहिली, त्या दिवशी माझ्याजवळ एक ओळ नव्हती. मी साधं सांगितलं. नियम काय आहे, तो कधी आला, मी तो कुठे ठेवला. ओपल कशी आली आणि का आली. एरवी आमच्या चर्चमध्ये बोलणाऱ्याला कुणी एकटं बोलू देत नाही. ‘हो हो’, ‘सांगा सांगा’, ‘प्रभू मदत कर’, असे आधार चहूबाजूंनी येत राहतात. त्या दिवशी कुणी आधार दिला नाही. कुणाची चूकही नव्हती त्यात.

“म्हणून पोरांनो,” मी शेवटी म्हणाले, “ताप आला, अंग दुखलं, तर घरी राहा. आईला चिठ्ठी लिहायला सांगा. तुम्ही घरी असलात तरी मोजले जाता.”

पुढच्या बाकावरून डेझरे उभी राहिली. तिच्या आईने तिचा झगा ओढला, पण ती बसली नाही.

“मिस ऑर्फा,” ती म्हणाली, “मग ओपल घरी राहिली असती, तरी चाललं असतं?”

मी आयोनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या पोरीकडे बघत होती, आणि उत्तराची वाट बघत होती.

“हो, बाळा,” मी म्हणाले. “चाललं असतं.”